दोन गाड्या आणि आईंचा गुरुवार

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. आहेत त्या दोन गाड्या. डावीकडे एक राखाडी, सहा वर्षं वापरलेली, मागच्या दाराला पोचा आलेली. उजवीकडे एक पिवळी, इतकी नवी की सीटवरचं प्लास्टिक काढायला अजून कुणाचा हात धजावलेला नाही. दोन्ही लहान, दोन्ही हायब्रिड, म्हणजे थोड्या पेट्रोलवर आणि थोड्या बॅटरीवर चालणाऱ्या. मागे तळमजल्याचं हिरवं दार, दाराला तीन पायऱ्या, पायऱ्यांना नुकताच बसवलेला लोखंडी कठडा. गुरुवार, सकाळचे सव्वानऊ.

दार उघडतं आणि आई बाहेर येतात. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा गुडघा नवा कोरा, बाकी सगळं जुनं आणि शाबूत. हातात वॉकर, खांद्याला पिशवी. राखाडी गाडीचं दार उघडून थोरला जावई उभा आहे, गेली सहा वर्षं दर गुरुवारी उभा असतो तसा. पिवळीला टेकून धाकटा जावई उभा आहे, जो आज केवळ योगायोगाने इथे आहे.

"आई, नुसती दाखवायला आणली हो," धाकटा म्हणाला. "कालच घेतली. म्हटलं, पहिलं दर्शन तुम्हाला."

"अगबाई! कसली पिवळीधमक आहे!" आई म्हणाल्या. "हळदीच्या अंगाची."

"बसून तर बघा. चौकापर्यंत एक चक्कर मारू."

"चौकापर्यंत कशाला? व्यायामालाच निघालेय. तिथवरच सोडा की." आणि मग राखाडी गाडीकडे वळून, अगदी सहज, "जावईबापू, आज तुम्हाला सुट्टी हं!"

पिवळी गाडी निघाली ती आवाज न करता. इंजिन नाही, धूर नाही, नुसती सरकली. थोरला जावई उघड्या दारापाशी तसाच उभा राहिला. चुकीच्या वेळी एन्ट्री घेतलेल्या नटाला आता विंगेत परत कसं जावं ते कळत नाही ना, तसा.

त्यानंतरचे चारही गुरुवार पिवळीचेच झाले.

थोरल्या जावयाला सगळी पेठ 'काटेवाला' म्हणायची. वजनकाटे तपासणं हा त्याचा धंदा. वाण्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा माणूस उभा राहील एवढा काटा, दवाखान्यातला तान्ही बाळं तोलायचा काटा, सगळ्यांची दर वर्षी तपासणी व्हायची आणि ती हा करायचा. आपली प्रमाणित वजनं काढायची, फडक्याने पुसायची, एकेक करून काट्यावर ठेवायची आणि मान तिरकी करून आकडा बघायचा. आकडा बरोबर असला तर नुसतं "हं". चुकला असला तर भुवई वर. त्या भुवईला भलेभले दुकानदार टरकून असत. छत्तीस वर्षांच्या धंद्यात त्याच्यासमोर काटा मारायची कुणाची छाती झाली नव्हती.

माणूस सोन्यासारखा, फक्त मोजल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पायऱ्या चढताना मोजायचा. चहात साखर चमचा सपाट करून घालायचा. बायको म्हणायची, "अहो, रात्री झोपेत तुमच्या बोटांची हालचाल चालू असते. कुणाची वजनं लावता?"

त्याचे आईवडील तो कळता होण्याआधीच गेले. काकांच्या घरी वाढला, तिथे त्याला कुणी हाडहूड केलं नाही आणि कुणी जवळही घेतलं नाही. मग लग्न ठरवायला म्हणून या हिरव्या दाराच्या घरात पहिल्यांदा आला, तेव्हा ओट्यावर स्वयंपाकघरातला छोटा काटा दिसला. राहवलं नाही. खिशातलं पन्नास ग्रॅमचं वजन काढून ठेवलं आणि होणाऱ्या सासूला म्हणाला, "तुमचा काटा आठ ग्रॅम खोटं बोलतो." बघणाऱ्यांना वाटलं, मोडलं लग्न. पण आई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "मुलगी देऊन टाका याला," त्या म्हणाल्या, "निदान घरात एक तरी खरं बोलणारा येईल!" त्या दिवसापासून काटेवाल्याला आई मिळाली. बायको मिळाली तीही चांगलीच मिळाली, पण आई मिळाली ही गोष्ट वेगळी.

म्हणून गुरुवार. सासरे गेल्यावर आई एकट्या राहिल्या, आणि दर गुरुवारी सकाळी काटेवाला राखाडी गाडी घेऊन दारात उभा. कधी वाचनालय, कधी डोळ्यांचा डॉक्टर, कधी नुसतंच तलावाकाठी. गुडघा बदलल्यावर दर गुरुवारी दहाला व्यायाम. गाडीत आई त्याच्या शेजारच्या सीटवर बसायच्या. त्या सीटवर त्यांची उशी होती, कप्प्यात त्यांच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या. तिथे दुसरं कुणी बसलं, अगदी बायको बसली, तरी काटेवाल्याला गाडी एका बाजूला कलल्यासारखी वाटायची.

आणि ती सीट आता चार आठवडे रिकामी होती.

साडूचा धंदा कानाच्या यंत्रांचा. बहिऱ्यांच्या कानात तो इवलीशी यंत्रं बसवून द्यायचा, आणि दिवसभर म्हाताऱ्या माणसांशी बोलून बोलून त्याची जीभ लोण्यासारखी मऊ झाली होती, असं काटेवाल्याचं मत. खरं तर साडू भला माणूस होता. वयाने आठ वर्षांनी लहान, काटेवाल्याला दादा म्हणायचा, वाकून बोलायचा. त्याच्यात काही खोट काढायला जागा असती तर काटेवाल्याला किती बरं वाटलं असतं! भल्या माणसाचा हेवा करणं फार अवघड काम असतं. सगळा भार आपल्यालाच उचलावा लागतो.

मग उरल्या गाड्या. काटेवाल्याने आपला सगळा मत्सर गाड्यांवर काढला.

"एका लिटरला सत्तावीस देते, दादा," रविवारी चहाला जमल्यावर साडू म्हणाला. "गावातल्या गावात. मलाच विश्वास बसेना."

राखाडी एकोणीस द्यायची. कधी मूड असला तर वीस. काटेवाल्याने कप खाली ठेवला. "स्क्रीनवरचा आकडा फुगवलेला असतो."

"असेल, असेल," साडू लगेच म्हणाला. "तुम्हाला त्यातलं जास्त कळतं." आणि वर हसला!

पिवळीची आणखी एक खोड काटेवाल्याच्या डोळ्यात खुपायची. प्रत्येक फेरीच्या शेवटी ती चालवणाऱ्याला शंभरापैकी गुण द्यायची. गाडी बंद केली की स्क्रीनवर हिरवी पानं उगवायची आणि खाली लिहून यायचं: ब्याण्णव, उत्तम. साडू ते मोठ्याने वाचून दाखवायचा आणि आई टाळ्या वाजवायच्या. राखाडीने सहा वर्षांत काटेवाल्याला एक गुण दिला नव्हता. ब्रेक मारला की एक छोटा बाण चाकांकडून बॅटरीकडे वळायचा, बस. वाया जाणारी शक्ती परत साठवली एवढं ती सांगायची, आणि तेही रुसल्यासारखं.

पुढच्या रविवारी साडूच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक प्रवेश घडला तो असा. काटेवाला पिवळी गाडीच्या दारापाशी उकिडवा बसलेला. हातात मापाची टेप, दातांत पेन्सिल. सीट जमिनीपासून किती उंच? एकोणपन्नास सेंटिमीटर. राखाडीची छपन्न, ती त्याने घरीच मोजून आणली होती. दाराची चौकट किती खाली उतरते? आईंना मान घालून आत शिरावं लागणार, हे नक्की. डिकीत वॉकर मावेल? मागची सीट पाडल्याशिवाय शक्यच नाही. त्याच्या मनात एकेक आकडा फुलासारखा उमलत होता.

"भावोजी!" वर गॅलरीतून धाकटीचा आवाज आला. "काय हरवलं का हो?"

काटेवाल्याने टेप सोडली. ती सर्रकन गुंडाळली गेली आणि त्याच्या अंगठ्याला चावली. "काही नाही, काही नाही! हवा बघत होतो. टायरची!"

"टेपने?"

घरी येईपर्यंत बातमी पोचली होती. बायकोने दार उघडलं आणि त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. "पोराटोरांसारखं काय चालवलंय तुम्ही? गाडी आवडली असेल तर सांगा, आपणही पिवळी घेऊ."

"मला पिवळी नकोय."

"मग काय हवंय?"

हे काही त्याला सांगता येईना. साठीला टेकलेल्या माणसाने कसं सांगावं, की मला आई परत हवीय? तो म्हणाला, "राखाडीत बसायला सोपं पडतं. वॉकर मावतो. काचा मोठ्या आहेत, बाहेरचं दिसतं. मान्य, पिवळीचा एसी चटकन थंड होतो. सिग्नलला राखाडीचं इंजिन घसा खाकरून सुरू होतं, पिवळीचं कळतही नाही. चढावर दोघीही सारख्याच रडतात. पण सगळं धरून, गुडघ्याच्या माणसाला राखाडीच बरी. मग आई तिच्यात का बसतात? हा हिशेब जुळत नाही."

"नवी आहे म्हणून. म्हातारं माणूस, हौस असते. चार दिवसांनी येतील परत."

"चार गुरुवार झाले."

बायकोने अंगठ्याला पट्टी लावली.

जुन्या, दोन पारड्यांच्या तराजूबद्दल शंका आली तर काटेवाल्यांचा एक ठरलेला उपाय असतो. डाव्या पारड्यातलं उजव्यात टाकायचं आणि उजव्यातलं डाव्यात. फरक वस्तूंमध्ये असेल, तर जड बाजू वस्तूबरोबर सरकते. खोट दांडीतच असेल, तर जड बाजू होती तिथेच राहते. अदलाबदल केल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे त्याच्या उस्तादांनी त्याला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

शनिवारी त्याने साडूला फोन केला. "एक आठवडा गाड्या बदलून चालवू या का? मायलेजचा निकाल लागून जाऊ दे. तुझ्याकडे राखाडी, माझ्याकडे पिवळी."

"घ्या की दादा! त्यात विचारायचं काय?"

मायलेजचा निकाल हे झालं लोकांना सांगायला. खरं तोलायचं होतं ते वेगळंच. आई गाडीकडे ओढल्या गेल्या असतील, तर येत्या गुरुवारी त्या पिवळीबरोबर सरकतील आणि त्याच्या शेजारी येऊन बसतील. आणि आई माणसाकडे ओढल्या गेल्या असतील तर? पुढचं त्याने मनातही पूर्ण केलं नाही.

रविवारी सकाळी अदलाबदल झाली. चाव्या दिल्या-घेतल्या, आईंची उशी काटेवाल्याने स्वतःच्या हाताने पिवळीत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "थांब, माझं सामान हलवायचं राहिलं," आणि राखाडीची डिकी उघडली. आत ओळीने बसलेली पाच लोखंडी वजनं, प्रत्येक वीस किलोचं, वर धरायला कडी. भंगारवाल्यांचे मोठे काटे तपासायला लागायची.

साडू मदतीला धावला. एक वजन कडीला धरून उचललं, आणि "आई गं!" करून दोन पावलं मागे गेला. दुसरं उचलेपर्यंत त्याचा चेहरा लाल झाला. ते खाली ठेवून त्याने डिकीकडे बघितलं, मग मागच्या चाकांकडे बघितलं. आणि फार हळू आवाजात, यंत्र लावलेल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं, विचारलं, "दादा, हे रोज गाडीत असतं?"

"असतं म्हणजे? वर्कशॉप माडीवर आहे. कोण रोज चढवणार-उतरवणार?"

"सहा वर्षं?"

शंभर किलो. दीड माणूस डिकीत बसवून तो सहा वर्षं गावभर हिंडत होता आणि वर गाडीलाच शिव्या घालत होता, की ही मेली पेट्रोल पिते. गावातल्या प्रत्येक काट्यावर त्याने ती वजनं ठेवली होती. आपल्या गाडीवर ठेवली आहेत हे मात्र त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही!

साडू हसला असता तर बरं झालं असतं. साडू हसला नाही. खाली वाकला आणि तिसरं वजन उचलून पिवळीत नेऊन ठेवलं. हे हसू न येणंच काटेवाल्याच्या जिव्हारी लागलं.

बुधवारी संध्याकाळी आकडे आले. वजनं उतरलेली राखाडी साडूच्या हातात चोवीस देत होती. वजनं घेतलेली पिवळी काटेवाल्याच्या हातात बावीसवर आली होती आणि त्याला गुण मिळत होते छप्पन्न: आणखी प्रयत्न करा. बायकोच्या डोळ्यांना हसून हसून धार लागली. "बरं झालं," ती म्हणाली, "राखाडी बिचारी निर्दोष सुटली!"

पण काटेवाल्याचं त्या आकड्यांत मन नव्हतं. त्याने आईंना फोन लावला. घसा साफ केला. पहिल्या प्रयोगाच्या तिसऱ्या घंटेला नटाची छाती धडधडते, तशी त्याची धडधडत होती.

"आई, उद्या मी येतो न्यायला. पिवळी घेऊन येतोय हं."

"अहो, तुम्ही कशाला धावपळ करता? धाकटे येतायत ना. परवाच ठरलंय."

"पण... त्याच्याकडे आता माझी गाडी आहे, आई. जुनी. राखाडी."

"हो का?" आईंच्या आवाजात खरोखरीचा आनंद होता. "मग तर फारच छान झालं! तिची सीट उंच आहे."

काटेवाल्याने फोन खाली ठेवला. निकाल लागला होता. पारडी बदलली तरी जड बाजू जागची हलली नव्हती. आईंना पिवळी नको होती. आईंना साडू हवा होता. त्याचीच गाडी, त्याचीच सीट, त्याच खोकल्याच्या गोळ्या, आणि चाकामागे दुसरा माणूस!

काय आहे त्याच्यात? काटेवाल्याने मनातल्या मनात साडूला वीस वेळा पारड्यात टाकलं. गोड बोलतो. ठीक. पण पाऊस-थंडी न बघता कोण आलं? गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेर बाकावर कोण बसलं होतं? व्यायामाच्या खोलीत आत जाऊन, आईंचा हात धरून, किती केले, गुडघा किती अंशांत वाकला, सगळं कोण पाठ करून ठेवायचं? फिजिओथेरपिस्ट बाई विसरल्या तरी काटेवाला विसरत नसे. "मागच्या खेपेला ब्याण्णव अंश होता, आज अठ्ठ्याऐंशीच का?" असं तोच विचारायचा. एवढं करणारा दुसरा जावई दाखवा!

गुरुवारी दहाला दहा कमी असताना पिवळी गाडी दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर, झाडाखाली, पलीकडच्या बाजूला उभी होती. पिवळ्या गाडीतून लपून पाळत ठेवणं किती अवघड असतं हे काटेवाल्याला तेव्हा कळलं. शाळेत निघालेली दोन पोरं तर थांबून बघायला लागली.

राखाडी आली. बरोबर फाटकाशी थांबली. आई उतरल्या, वॉकर घेतला आणि एकट्या आत चालू लागल्या. एकट्या! साडू खाली उतरलासुद्धा नाही. त्याने खिडकीतून हात हलवला, गाडी भिंतीकडेला लावली, सीट मागे पाडली आणि दिसेनासा झाला.

काटेवाल्याच्या अंगाचा भडका उडाला. पण खरं सांगायचं तर त्या भडक्याच्या आत कुठेतरी गारवाही होता. सापडला! पाच आठवडे शोधत होतो ती खोट सापडली! रस्ता ओलांडून तो राखाडीपाशी गेला. आत साडू उताणा पडलेला, तोंड उघडं, चष्मा कपाळावर, आईंची पिशवी पोटावर धरून गाढ झोपलेला. ही सेवा? याच्यासाठी आईंनी मला सोडलं? काचेवर टकटक करायला उचललेला हात त्याने खाली घेतला. आधी आई. त्या एकट्या आहेत आत.

तो तरातरा आत गेला. व्यायामाच्या खोलीला काचेचं दार होतं. त्याने कडीला हात घातला आणि थबकला.

आई एका मोठ्या निळ्या चेंडूवर पाय ठेवून बसल्या होत्या. चेंडू सटकला. आई म्हणाल्या, "गेला मेला!" आणि हसल्या. फिजिओथेरपिस्ट बाई धावत जाऊन चेंडू घेऊन आल्या. पुन्हा पाय ठेवला, पुन्हा सटकला. "आज हा माझ्यावर रुसलाय," आई म्हणाल्या, "याला आता दुसरी बघून द्या!" दोघी खदखदून हसल्या. पाय जेमतेम वाकत होता. अगदी वाईट चालला होता व्यायाम. काटेवाल्याने इतके महिने या खोलीत काढले होते, पण इथे आईंना हसताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याने दार ढकललं. आईंनी वर बघितलं. हसू गेलं. पाठ ताठ झाली, हात मांडीवर आले, आणि कुणी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "पंधरा झाले हं, जावईबापू. मध्ये थांबले नाही."

फिजिओथेरपिस्ट बाई चेंडू उचलून काही न सुचून कोपऱ्यात ठेवायला गेल्या. पंधरा झाले नव्हते. चारही झाले नव्हते, ते त्याने आत्ता काचेतून पाहिलं होतं.

थोड्या वेळाने दोघं बाहेरच्या बाकावर बसले. वॉकर मध्ये.

"तो बाहेर झोपलाय," काटेवाला म्हणाला.

"माहितीये. तोंड उघडं टाकून झोपतात. मलाच जाऊन उठवावं लागतं."

"आणि तुम्ही इथे एकट्या."

"एकटी कुठे? ही बाई आहे की. गुणी आहे." आईंनी पदराने कपाळ पुसलं. "जावईबापू, रागावू नका. तुमच्यासारखं करणारं मला कुणी नाही. पण तुम्ही शेजारी उभे राहिलात की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं."

"मी काय बोलतो तुम्हाला? मी फक्त मोजतो."

"तेच तर! ब्याण्णव झाले की तुमचा चेहरा खुलतो. अठ्ठ्याऐंशी झाले की ती भुवई वर जाते. मग मी घरी येऊन गुडघा शेकायचा सोडून तुमच्या भुवईची काळजी करत बसते." त्या थोड्या थांबल्या. "धाकटे परत जाताना काय विचारतात माहितीये? आई, रेडिओ लावू का? झालं. एवढंच. गुडघा म्हणून मला काही आहे, हे त्यांच्या लक्षातच नसतं. म्हणून बरं वाटतं."

काटेवाला आपल्या अंगठ्याची पट्टी कुरतडत राहिला.

"आणि आता सांगतेच," आई म्हणाल्या. "ऑपरेशननंतरच्या महिन्यात तुम्ही एकदा बाहेर फोन घ्यायला गेला होता. आल्यावर मी सांगितलं, पंधरा झाले. झाले होते नऊ."

"नऊ?"

"नऊ. आणि तसं मी चार-पाचदा केलंय."

छत्तीस वर्षांत वाणी, सोनार, भंगारवाले, कुणाला जमलं नव्हतं. काटेवाल्यासमोर काटा मारला गेला होता, चार-पाच वेळा, आणि मारणारी होती घरात एक तरी खरं बोलणारा येऊ दे म्हणणारी बाई. त्याने भुवई वर जाऊ नये म्हणून कपाळ घट्ट धरलं. मग काय झालं कुणास ठाऊक, त्याला हसू फुटलं. आईंना ते बघून फुटलं. बाकावर दोघं इतकी हसली की काचेच्या दारामागून फिजिओथेरपिस्ट बाईंनी डोकावून बघितलं.

"एक विचारू?" हसू ओसरल्यावर तो म्हणाला. "गाडी कुठली बरी?"

"हे काय विचारणं झालं? तुमची! पिवळीत शिरताना कंबर मोडते माझी. आणि बाहेर निघताना तर मला ओढूनच काढावं लागतं. पाच आठवडे सोसलं."

काटेवाल्याची छाती दोन इंच वर आली. राखाडी जिंकली होती! आणि मग लगेच ती छाती खाली गेली, कारण पुढचं त्याच्या ध्यानात आलं. या बाईने मोडकी कंबर पत्करली, ओढून काढून घेणं पत्करलं, पण त्याच्या शेजारची उंच सीट पत्करली नाही. आणि ते कशासाठी? तर झोपणाऱ्या माणसासाठी! मत्सर पुन्हा त्याच्या पोटात येऊन बसला, आपल्याच घरी आल्यासारखा पाय पसरून.

"पुढचा गुरुवार मला द्या," तो म्हणाला.

"आणि धाकट्यांना काय सांगू? ते बिचारे दुकान उशिरा उघडून येतात."

"त्याला सांगा, दादाने पाया पडून मागितला."

"आणि तुम्ही? राहवेल तुम्हाला बाहेर?" आईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "खरं सांगा. बोटांवर मोजत बसाल गाडीत."

"नाही मोजणार. आत येणार नाही, किती झाले विचारणार नाही, रेडिओ लावेन," काटेवाला उठून उभा राहिला आणि फाटकाबाहेरच्या राखाडी गाडीकडे, तिच्यातल्या उघड्या तोंडाकडे त्याने बोट रोखलं. "आणि तो झोपतो ना, आई, त्याच्यापेक्षा गाढ झोपून दाखवीन!"